मालकांची पंगत

बीड जिल्ह्यात जायला निघताना मी छत्री घेतली, हा माझा पहिला मूर्खपणा. भाद्रपद चालू होता आणि आम्हा कोल्हापूरकरांना भाद्रपदात छत्रीशिवाय उंबरा ओलांडायची सवय नाही. शनिवारी संध्याकाळी एस.टी.त बसले तेव्हा ती ठिबकत होती. रविवारी सकाळी बीडला गाडी बदलून वडवणीकडे निघाले तेव्हा ती खडखडीत वाळली होती आणि शेजारची बाई माझ्याकडे न बघता तिच्याकडेच बघत होती.

"कुठल्या तुमी?" तिनं शेवटी विचारलं.

"कोल्हापूरची."

"तरीच," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून खिडकीकडे वळली.

वडवणीच्या स्टँडसमोर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा पदार्थ) खाल्ला. चांगला तिखट होता. पाणी मागितलं तर हॉटेलवाल्यानं आधी बाटली दाखवली, मग किंमत सांगितली आणि मग माझ्या छत्रीकडे बघून हसला. तिथून जीप. दिंद्रुडच्या पुढं आत वळणारा रस्ता होता. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी कपाशी मान टाकून उभी होती आणि प्रत्येक शेतात एक तरी तोंडावर दगड ठेवलेलं बोअर होतं. पाणी न लागलेल्या भोकावर दगड ठेवतात, लेकरू आत पडू नये म्हणून. पाणी लागलेली बोअरं कुठं आहेत, असं मी ड्रायव्हरला विचारलं.

"ती मोठ्या लोकांच्या रानात असत्यात," तो म्हणाला. "तिथल्या जमिनीलाच पाणी लई."

आता मी या रानात कशाला कडमडले ते सांगायला हवं. मी वकील आहे. कामावर हात-पाय गमावलेल्या माणसांच्या भरपाईचे दावे चालवते. असे दावे माझ्याकडे फाउंड्रीतून येतात, कारखान्यातून येतात. हा उसाच्या फडातून आला. आमच्या भागात ऊस तोडायला बीडकडची माणसं येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. गेल्या हंगामात कुशावर्ता नावाची बाई अर्धा कोयता म्हणून आली होती. उरलेला अर्धा, म्हणजे तिचा नवरा अंकुश, घरी होता. त्याआधीच्या उन्हाळ्यात बोअरच्या गाडीवर काम करताना पान्यातून लोखंडी रॉड सुटला आणि त्याचा उजवा हात मनगटापासून गेला होता.

ती गाडी एका सहकारी संस्थेची होती. दुष्काळात शेतकऱ्यांना स्वस्तात बोअर पाडून मिळावं म्हणून गावानं शेअर गोळा करून दक्षिणेतून जुनी गाडी आणली आणि तिच्यावर एक चेअरमन बसवला. नियमाप्रमाणे पहिलं बोअर चेअरमनच्या रानात झालं. दुसरं त्यांच्या मेहुण्याच्या. अंकुशचा हात गेला तो व्याह्याच्या बांधावर.

आम्ही दावा लावला, त्याला संस्थेनं दिलेलं उत्तर मी फ्रेम करून कचेरीत लावणार आहे. अंकुश हा मजूर नाहीच, असं त्यात म्हटलं होतं. तो संस्थेचा सभासद आहे, सहकारात सभासद हाच मालक असतो, आणि मालकाला स्वतःच्याच कामात इजा झाली तर भरपाई कोणी कोणाला द्यायची? अंकुशला दवाखान्यात पडल्या पडल्या अंगठा उठवून सभासद करून घेतलं होतं. पण ते सिद्ध करणं अवघड होतं. हे उत्तर मी कुशावर्ताला फोनवर वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "ताई, मी त्यांना मालक म्हनते त्ये ठीक हाय. सोसायटी कावून (कशासाठी) म्हनाय लागली?"

तेव्हा आम्हाला एकच गोष्ट हवी होती. अंकुश रोजानं कामाला होता, मालक नव्हता, एवढं कोर्टात सांगणारा एक माणूस. गाडीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं आणि प्रत्येकाची दातखीळ बसली होती. सोमवारी जिल्ह्याच्या कोर्टात मला चेअरमनची उलटतपासणी घ्यायची होती. रविवारी गावात संस्थेची वार्षिक सभा होती. म्हटलं, आदल्या दिवशी जाऊन बघावं, कोणाचं तोंड उघडतंय का.

फाट्यावर कुशावर्ता आणि अंकुश घ्यायला आले होते. अंकुशच्या उजव्या बाहीला खाली गाठ मारली होती. माझी पिशवी त्यानं डाव्या हातानं घेतली, छत्री काखेत मारली आणि म्हणाला, "ही उघडू नका गावात. चेअरमन म्हनतील, पाऊस मीच आनला."

सभेचा मांडव ऐसपैस होता. प्रवेशदारी 'जलक्रांती' असा फ्लेक्स आणि त्यावर हात जोडलेले चेअरमन. मागं बोअरची गाडी बोटाएवढी. खरी गाडी मांडवाशेजारी उभी होती, धुतलेली, झेंडूचा हार घातलेली. गावात टँकर चार दिवसांनी येत होता, पण गाडी धुवायला पाणी मिळालं होतं. क्रांती म्हटली की एवढं चालायचंच.

चेअरमन स्वतः सामोरे आले. पांढरे कपडे, गोड बोलणं. मी कोल्हापूरची आणि वकील आहे एवढं कळताच त्यांनी मला व्यासपीठावर चढवलं, सहकाराच्या माहेरघरातून पाहुण्या आल्या म्हणून जाहीर केलं, शाल घातली आणि हातात नारळ दिला. कोणाची वकील, हा प्रश्न त्यांना सत्कार उरकल्यावर सुचला.

"अंकुशची," मी म्हणाले.

ते मोकळं हसले. "असू द्या, असू द्या. कोर्टाचं कोर्टात. पाहुनं म्हंजे देव. जेवल्याबिगर जायचं न्हाई, मॅडम."

मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर माणूस आवडला. विरोधी वकिलाला शाल घालायला मोठं मन लागतं. नाहीतर निबर कातडी तरी.

सभा अकराची होती, ती एकला सुरू झाली. अहवाल वाचायच्या आत मंजूर झाला. ताळेबंद कोणी उघडलाही नाही, तोही मंजूर. एका म्हाताऱ्यानं उठून आपल्या रानातलं बोअर कधी पाडणार, असं विचारलं. चेअरमननी टाळ्या वाजवून त्याच्या सहकारावरच्या निष्ठेचं कौतुक केलं आणि त्याला खाली बसवलं. मागं आचाऱ्यानं फोडणी टाकली तसे सगळे विषय एकदम संपले.

जेवण जमिनीवर, पत्रावळीवर. भात, वांग्याची भाजी, येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाची) आणि बुंदी. मला मांडवाच्या मधोमध, पहिल्या पंगतीला बसवलं. अंकुश कडेला खांबाशी उभा होता. मी त्याला हाक मारली.

"तिथं काय करताय? मालक आहात ना तुम्ही? लेखी आहे माझ्याकडे. या, बसा."

त्यात डाव नव्हता, नुसता खवचटपणा होता. तो हसला, कुशावर्ताकडे बघितलं आणि येऊन माझ्या शेजारच्या पत्रावळीवर बसला. वाढपी भात वाढून गेला, आमटी झाली, बुंदी पडली. अंकुशनं डावा हात पुसून पहिला घास कालवला.

चेअरमन बुंदीचं पातेलं घेऊन स्वतः आग्रह करत फिरत होते. माझ्या पानावर त्यांनी ओंजळभर बुंदी घातली. मग त्यांची नजर शेजारी गेली, आणि इतकी वर्षं जे तोंडात बसलेलं होतं ते आपोआप बाहेर आलं.

"ए अंकुश. ऊठ. गाडीवरच्या मान्सांची पंगत शेवटाला असतीया, म्हायती न्हाई का तुला?"

आवाज चढलेला नव्हता. रागही नव्हता. आपण काही वावगं बोललो, असं त्यांना वाटलंच नाही. ते पुढच्या पानावर बुंदी वाढायला वळलेसुद्धा.

अंकुश उठला. कालवलेला घास त्यानं पानात ठेवला. मांडवातल्या सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळे मान खाली घालून जेवत राहिले. भरल्या पानावरून माणसाला उठवू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही शिकवतात. मी हात धुवायला उठले तर चेअरमन दुरून म्हणाले, "मॅडम, बुंदी तशीच ऱ्हायली की."

गाडीवरच्या माणसांची पंगत बसली तेव्हा बुंदी संपली होती. मी आणि कुशावर्ता गाडीच्या सावलीत थांबलो. ती नारळ मांडीवर घेऊन बसली होती. गाडीचा ऑपरेटर मारुती, अंकुशचा हात गेला तेव्हा पलीकडच्या बाजूला उभा असलेला, अंकुशला म्हणाला, "बस बे." अंकुश म्हणाला, भूक न्हाई. मारुतीनं स्वतःची पत्रावळ दुमडली आणि आमच्याकडे आला.

"उद्या कोर्ट किती वाजता हाय?"

याच माणसाकडे कुशावर्ता तीनदा जाऊन रडून आली होती.

"हात गेला तवा मी म्हनलं, नशीब हाय. मशीन हाय, कुनाचाबी जातो," मारुती म्हणाला. "पर पानावरून उठिवलं, ताई. त्ये काय मशीननं न्हाई केलं."

हाताला कायद्यात किंमत आहे, त्याचं कोष्टक आहे. भरल्या पानाचं कोष्टक कुठल्याच कायद्यात मला सापडलेलं नाही. पण साक्षीदार त्या पानानं दिला. रात्री कुशावर्तानं त्या नारळाची चटणी केली. सत्काराच्या नारळाचं याहून बरं काही झालेलं मी पाहिलेलं नाही.

सोमवारी कोर्टात चेअरमन पिंजऱ्यात आले ते सर्वांना नमस्कार करत. मागच्या बाकावर मारुतीला पाहून त्यांनी त्यालाही मान हलवली. मी त्यांना सहकाराबद्दल विचारलं. सभासद म्हणजे मालक, असं ते रंगून सांगू लागले. सगळे सारखे, लहान-मोठा कोणी नाही.

"काल सभेत मालकांची पंगत कितवी होती?"

"पहिली."

"अंकुशना त्या पंगतीतून तुम्ही उठवलंत?"

त्यांचे वकील अर्धवट उठले. चेअरमननी त्यांना हातानं बसवलं. ही त्यांच्या गावच्या रीतीची गोष्ट होती आणि रीतीच्या बाबतीत त्यांना शंका नव्हती.

"उठिवलं की, सायेब," ते न्यायाधीशांना म्हणाले. "गाडीवर कामाला असलेली मान्सं मागून जेवत्यात. पयल्यापासून आमची पद्धतच हाय. अंकुशलाबी म्हायती हाय, तीन वर्सं आमच्याकडं रोजानं हाय त्यो."

न्यायाधीशांनी मान वर केली. मग टायपिस्टकडे वळून त्यांनी ते वाक्य सावकाश सांगितलं. टायपिंग चालू असतानाही चेअरमनच्या चेहऱ्यावर आपण गावाची बाजू चांगली मांडली, असंच समाधान होतं. आपण काय बोललो ते त्यांना वकिलानं बाहेर नेऊन समजावलं असावं. कारण व्हरांड्यात भेटले तेव्हा त्यांचा रंग उडाला होता. तरी सवय मोठी. म्हणाले, "मॅडम, आता जेवूनच जा."

"कितव्या पंगतीला?" मी विचारलं.

मारुतीची साक्ष पुढच्या तारखेला होईल, निकाल त्याच्या पुढच्या कुठल्या तरी. संस्था वर अपील करेल, हेही मला ठाऊक आहे. आजवर दडवलेली कबुली मी पुष्कळ काढली आहे; अभिमानानं दिलेली ही पहिलीच, आणि ती मोडून काढणं जड जाईल. मारुतीला गाडीवरून काढलं तर त्याचाही दावा मीच लावणार.

माझ्या गाडीला वेळ होता म्हणून आम्ही स्टँडसमोरच्या खाणावळीत शिरलो. मारुती बसला, कुशावर्ता बसली. ताटं आली. अंकुश खुर्चीमागं उभा होता. डावा हात खुर्चीच्या पाठीवर, नजर दुसऱ्या टेबलांवर.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुमचं होऊ द्या," तो म्हणाला. "मी मागून बसतो."

कुशावर्तानं त्याच्या शर्टाची गाठ मारलेली बाही धरली आणि त्याला खाली ओढलं.

"बसा गुमान," ती म्हणाली. "इथं कुनी मालक न्हाई."