विश्वयात्रीचं अंथरूण

अंथरूण पाहून पाय पसरावेत, या एका वाक्यात आपल्या पूर्वजांनी अर्थशास्त्र, नीतिशास्त्र आणि संसार हे तिन्ही विषय निकालात काढले आहेत. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली, पण याहून शहाणं वाक्य माझ्या वाचनात आलं नाही. पूर्वजांनी फक्त एक गोष्ट गृहीत धरली होती: पाय पसरण्यापूर्वी जे अंथरूण पाहिलं, ते पाय पसरून झाल्यावरही तिथंच असेल!

पूर्वजांनी सनमायका पाहिला नव्हता.

निवृत्त झाल्यावर जीपच्या मागे जोडून न्यायचं एक फिरतं घर करावं, असं माझ्या डोक्यात आलं. शहाद्याच्या एका ट्रॉलीवाल्याने ते बांधून दिलं. त्याच्या हातच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरमागे उसाचा भार वाहतात, तेव्हा मजबुतीचा प्रश्नच नव्हता. आरामाचा होता. उसाला आराम लागत नसल्यामुळे त्याने त्या बाजूने कधी विचार केलेला नव्हता. दोन्ही चाकांच्या मधे जेवढी जागा उरली, तेवढा पलंग. कुठल्या कुशीवर झोपायचं ते बाहेरच ठरवून आत शिरावं लागे. कूस बदलायची तर दार उघडून खाली उतरायचं आणि पुन्हा चढायचं! पलंगाला तीन बाजूंनी भिंत आणि पायथ्याशी मागचं दार. पुसायला सोपं म्हणून पलंगावर मी आरशासारखा सनमायका बसवून घेतला (ही कल्पना माझी, ट्रॉलीवाला निर्दोष आहे). त्यावर रेक्झिनची गादी, गादीवर गोधडी आणि गोधडीवर चादर. यांतल्या कुणाचंही कुणाशी पटत नव्हतं.

मागच्या बाजूला मी लाल अक्षरांत नाव रंगवून घेतलं: 'विश्वयात्री'. तोवर तिचा प्रवास ट्रॉलीवाल्याच्या शेडपासून आमच्या अंगणापर्यंत झाला होता.

उद्घाटनाचा हट्ट माझ्या थोरल्या भावाचा. नाना ब्राह्मणपुरीला शेती करतात आणि नारळ फोडल्याशिवाय बोअरचं बटणही दाबत नाहीत. त्यांनी गावच्या सोसायटीच्या चेअरमनना आणलं. चेअरमननी फीत कापली, पर्यटनातून राष्ट्रउभारणी या विषयावर भाषण केलं आणि फोटोसाठी हारासकट पलंगावर आडवे झाले. गाडी तेव्हा जीपला जोडलेली नव्हती. मागच्या बाजूला वजन पडताच पुढचा दांडा वर उचलला गेला, पायथा खाली झाला आणि गादी, गोधडी, चादर व चेअरमन याच क्रमाने, अजिबात घाई न करता, दारातून बाहेर आले. अंगणात ते बसले तेव्हा त्यांच्या हातात कात्री होती आणि चेहऱ्यावर फोटोसाठी आणलेलं हसू तसंच होतं.

"बापू," नाना मला म्हणाले, "हाई पलंग शे का घसरगुंडी शे?"

"नाना, जमिनीला उतार आहे."

"जमीनले नही, तुन्हा डोकाले उतार शे!"

संध्याकाळी माझी बायको सुमन स्वतः एकदा त्या पलंगावर झोपून पाहायला गेली आणि चादर अंगाभोवती गुंडाळलेल्या अवस्थेत परत आली. सुमन नंदुरबारच्या मिरचीच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिच्या घरात सौदे एका वाक्यात होतात.

"आयकी ल्या," ती म्हणाली. "तोरणमाळले जाऊत. तठे दार उघडं नि अंथरूण जागावर दिसनं, तर गाडी तुमनी. नही दिसनं, तर नाना लई जातीन."

नाना ओट्यावर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, उठून विश्वयात्रीच्या आत डोकं घातलं आणि मोजमाप घेतल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं.

"मन्ह्या खतन्या गोण्या मावतीन यामा," ते समाधानाने म्हणाले.

माझ्या जगप्रवासाच्या स्वप्नात युरियाच्या गोण्या! त्या क्षणापासून ही गादी राहिली नाही, प्रतिष्ठा झाली.

आधी मी सेफ्टी पिना लावून पाहिल्या. अंथरूण तरीही घसरलंच, फक्त जाताना मला बरोबर घेऊन गेलं. मग परकराला असते तशी नाडी चादरीच्या चारही कडांतून ओवली आणि गादीखालून आवळली. गादीचे दोन्ही काठ वर आले आणि तिचा एवढा सुबक कानोला झाला, की सुमन म्हणाली, "आते तळाले तेल ठेवू का?" त्यानंतर नानांच्या मळ्यातली ठिबकची जुनी नळी आणून गादीभोवती वेढे मारले. हे अंथरूण हललं नाही. पण त्यावर झोपलेल्या माणसाच्या पाठीवर केळीच्या बागेसारख्या ओळी उमटायच्या.

मग मला बारदान सुचलं. तागाचं बारदान सनमायकावर घसरत नाही, हे मला अंगणात प्रयोग करून समजलं आणि न्यूटनने सफरचंदाकडे पाहिलं असेल तसं मी त्या बारदानाकडे पाहिलं. नानांच्या खळ्यात रिकाम्या गोण्या हव्या तेवढ्या होत्या आणि त्या शिवायचं हातमशीनही होतं, मिरची भरून झाली की गोणीचं तोंड खर्रकन शिवणारं. मी सहा गोण्या उसवून पलंगभर पसरल्या, कडा लाकडी पट्ट्यांनी फळीला ठोकल्या, त्यावर गादी ठेवली, वर गोधडी आणि चादर घातली आणि तिन्ही बाजूंनी ते सगळं बारदानाला शिवून टाकलं. उशाकडची बाजू तेवढी उघडी ठेवली. तिकडून पत्र पाकिटात घालावं तसा माणूस आत जाणार. अंथरूण कुठं जाईल? बिशाद काय त्याची!

"गोण्या झटकी लिध्यात ना?" सुमनने विचारलं.

"झटकल्या."

एकदा झटकल्या होत्या. मिरचीची गोणी एकदा झटकून काय होतं, हे नंदुरबारच्या माणसाला सांगायला लागू नये. पण मी पडलो शहाद्याचा, शिवाय पुस्तकं वाचलेला.

तोरणमाळला निघालो तेव्हा जीप नाना चालवत होते (विश्वयात्री परस्पर मळ्यात नेता यावी, म्हणून आले होते). सुमन त्यांच्या मागच्या सीटवर. घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलो, तिथं नानांनी एक शंका काढली.

"रिकामं अंथरूण जागावर ऱ्हायनं, यामा कसानी मर्दुमकी? वर मानूस पाहिजे."

सुमनने मान डोलावली. आता सौद्याची अट वाढली होती. धावत्या गाडीत मागे बसू नये, हे मला माहीत होतं आणि मी ते मोठ्याने म्हणालोही. पण नाना खताचा हिशोब करत असल्यासारखे विश्वयात्रीकडे पाहत होते. मी म्हणालो, "मी झोपतो!" आणि आत जाऊन स्वतःला पाकिटात घातलं.

पहिल्या वळणापर्यंत मी इतका सुखात होतो की बोलायची सोय नाही. गाडी डोलत होती, गोधडी उबदार होती, अंथरूण दगडासारखं स्थिर. चढ सुरू झाला, गाडीचं नाक वर गेलं, पायथा खाली आला. अंथरूण हललं नाही. हललो मी! अंथरुणाच्या आतल्या आत मी पायांकडे सरकू लागलो. पुढच्या वळणाला खांदे आत गेले, त्यापुढच्याला हनुवटी. हात अंगाला चिकटलेले. हात वर काढायचे तर वरची चादर सैल हवी, आणि ती सैल होऊ नये यासाठीच तर मी एवढा खटाटोप केला होता! अखेर टाळूसुद्धा आत गेली आणि मी नखशिखांत पॅक झालो.

आणि मग बारदान तापलं.

(सुमनच्या माहेरी, नंदुरबारला, पथारी म्हणजे मिरच्या वाळवायचं पटांगण. उरलेल्या महाराष्ट्रात पथारी म्हणजे झोपायची जागा. दोन्हीचा लाभ एकाच वेळी घेणारा मी बहुधा पहिलाच.)

पहिली शिंक आली तेव्हा मला वाटलं, सर्दी. पुढची येईपर्यंत गोण्यांचा इतिहास माझ्या ध्यानात आला होता. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, आणि पुसायला हात नाही. मी आतून टाचा आपटल्या.

पुढे जीपमधे काय चाललं होतं ते सुमनने नंतर सांगितलं.

"नाना, मांगे काही वाजी ऱ्हायनं."

"बोल्ट व्हई. ट्रॉली वाजसच."

"बोल्ट शिंकस का, नाना?"

"घाट चढी ऱ्हायनूत. चढावर थांबनूत तर गाडी मांगे जाई. वर जाऊन पाहू."

संकटात माणसाची प्रमाण भाषा आधी सुटते. मी आतून ओरडत होतो, "नानाऽ! गाडी उभी करा! मी मरी ऱ्हायनू!" पण चादर, गोधडी आणि माझी पक्की शिवण यांतून बाहेर काही जात नव्हतं. शिवण खरोखरच उत्तम झाली होती. तेवढ्या अवस्थेतही मला तिचा अभिमान वाटला.

तोरणमाळला तलावाजवळच्या उतारावर गाडी थांबली. दार उघडल्याचा आवाज आला. त्यांना समोर चादर दिसत होती, एक सुरकुती नसलेली, भिंतीपासून भिंतीपर्यंत ताठ. फक्त मधे एक लांबट उंचवटा शिंकत होता.

"बापू कोठे गया?" नाना म्हणाले.

"मी आत आहे!" मी आतून म्हणालो. "आधी अंथरूण पाहा! हललंय का?"

"अहो, तुम्ही पहिले बाहेर या—"

"हललंय का ते सांग! आक्छी!"

नानांनी खिशातून चाकू काढल्याची चाहूल लागली. "फाडी काढू का, सुमन?"

"खबरदार!" मी ओरडलो. "निकाल लागल्याशिवाय एक टाकाही उसवायचा नाही! उसवलं की म्हणाल, अंथरूण जागेवर नव्हतं!"

एव्हाना तलावाकडून चारपाच माणसं जमली होती. त्यांतल्या कुणीतरी विचारलं, "यात काय आहे?" नाना म्हणाले, "मन्हा भाऊ शे. पैज जिंकी ऱ्हायना."

सुमनने सगळ्या कडांवरून हात फिरवला असावा. व्यापाऱ्याची मुलगी, माल तपासल्याशिवाय बोलायची नाही. मग तिचा आवाज आला, आणि त्या आवाजात सव्वा शेर हसू कोंडलेलं होतं.

"हालनं नही. एक बोट नही. गाडी तुमनी."

"नाना, ऐकलंत?"

"आयकं, आयकं," नाना म्हणाले. त्यांच्या स्वरात युरियाचं दुःख होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात माझ्यासाठी इतक्या टाळ्या फक्त निरोप समारंभात वाजल्या होत्या, आणि तेव्हा मी दिसत तरी होतो.

"नाना, चाकू ठेवी द्या," सुमन म्हणाली. "गोणीले चाकू लावतस का? आठे दोन दोरा ऱ्हातस. एक ओढा तर गाठ बसस. दुसरा ओढा तर गोणी उघडस."

तिने दुसरा ओढला.

मिरचीच्या गोणीचं तोंड कसं उघडतं ते ज्याने पाहिलंय त्याला वर्णनाची गरज नाही. सर्रर्र! तिन्ही बाजूंची शिवण, माझं सगळ्या दिवसाचं काम, एका श्वासात मोकळी झाली. गाडी उतारावर उभी होती, पायथा खाली, दार सताड उघडं. गादी, गोधडी, चादर आणि मी, याच क्रमाने, अजिबात घाई न करता, तोरणमाळच्या गवतावर येऊन बसलो. माझं नाक चेअरमनच्या हारातल्या झेंडूहून लाल होतं. पण मी जिंकलो होतो! निकाल आधी लागला होता, साक्षीदार हजर होते आणि घसरण निकालानंतरची होती. मी उभा राहून लोकांना नमस्कार केला आणि सलग अकरा वेळा शिंकलो.

नमस्कार संपवून वळलो, तर सुमन गोधडी झटकत होती, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मग तिने ती आंब्याखाली पसरली, चपला काढल्या आणि हव्या त्या कुशीवर वळून झोपली. थोड्या वेळाने पलीकडच्या झाडाखाली नानाही आडवे झाले.

विश्वयात्री आजही माझ्याच मालकीची आहे, नानांच्या खताला मी तिच्या आसपास फिरकू देत नाही. आम्ही तिला जीपमागे जोडून दरसाल कुठंकुठं जातो. तिच्यात गोधडी नेतो. पोचलो की गोधडी बाहेर काढून झाडाखाली अंथरतो.

जमिनीवरून अंथरूण घसरत नाही.