कांद्याच्या वासावर चाकण

बुधवारी यांचं ऑपरेशन होतं, म्हणून सोमवारी आम्ही चाकणला फिरायला निघालो. "चाकणला फिरायला कोण जातं?" सून म्हणाली. तिचं बरोबर होतं.

यांच्या घशात कॅन्सर निघाला. चाळीस वर्षं तंबाखू खाल्ली, दुसरं काय निघणार? डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. आवाजाची पेटी काढायची, मानेला भोक ठेवायचं, श्वास तिथूनच घ्यायचा. बोलणं बंद. नाकातून वारा जाणार नाही, म्हणून वासही जवळजवळ बंद. बोलण्याचं ऐकून हे नुसते चित्राकडे बघत होते. वासाचं ऐकल्यावर खुर्चीत पुढे सरकले. "कायमचा?"

"बहुतेक," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "एकदा चाकणला जाऊन येऊ."

चाकणच्या कंपनीत यांनी सव्वीस वर्षं काढली. संत तुकाराम नगरातून कंपनीच्या बसमध्ये चढले की डोळे मिटायचे. कुठे आलो ते वासावरून कळायचं. चाकणचा कांदा नाकाला लागला की जागे. मी भोसरीत रबराच्या वर्कशॉपला होते. यांची रात्रपाळी तर माझी दिवसपाळी. घराची किल्ली एकमेकांच्या हातात द्यायची, एवढीच भेट. लग्नाकार्याला, मयताला एका बसने जायचो, पण मी डावीकडे बायकांच्या सीटवर आणि हे मागे उजवीकडे. शेजारी बसून प्रवास असा केलाच नव्हता.

भोसरीला बस बदलली. मी यांना ओढून माझ्या शेजारी बसवलं. कंपनीचा निळा शर्ट घातलेली एक पोरगी आली. "आजोबा, लेडीज सीट आहे."

"बाई, परवा यांचा गळा कापायचाय," मी म्हटलं. "आजच्या दिवस बसू दे."

ती पुढे सरकली. हे माझ्यावर चिडले. "सगळ्या गावाला कशाला सांगतीस?"

"तुमचा आवाज तिथवर जात न्हाई, म्हणून."

बस निघाली. हे म्हणाले, "डोळे मीट."

"पडंन की."

"बसलीयस न्हवं? कुठं पडतीस?"

मिटले. आधी काहीच कळेना. मग गरम लोखंडाचा आणि कूलंटचा (लोखंड कापताना त्यावर सोडतात त्या तेलपाण्याचा) आंबूस वास आला. भोसरीत एवढी वर्षं काढली, पण भोसरीला वास आहे हे मला त्या दिवशी कळलं. मोशीजवळ कचऱ्याचा भपकारा आला. बायकांनी पदर नाकाला लावले. हे मात्र घाणही छाती भरून घेत होते. इंद्रायणीच्या पुलावर मी आपण होऊन म्हटलं, "पाण्याचा न्हाई, साबणाचा वास हाय."

"व्हय. शिकलीस."

चौथी पास झाल्यावर मला शिकलीस असं कुणी म्हटलं नव्हतं. बरं वाटलं. पुढे चिंबळीपर्यंत मी डोळे उघडले नाहीत. एक बाई मला विचारत होती, आजी, चक्कर येते का म्हणून.

पुढे गाड्या तुंबल्या. बस मुंगीसारखी सरकत होती. थोड्या वेळाने हे एकदम उठले. "कांदा! आलं चाकण. उतर, उतर."

उतरलो. बस गेली. समोर पाटी होती, कुरुळी. बसच्या कडेने कांद्याच्या गोण्या भरलेला टेम्पो चालला होता, तोही पुढे गेला. वास त्याच्याबरोबर गेला.

उन्हात यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, ठसका लागला. पाठीवर हात मारायला गेले, तर हे हसत होते. आवाज नाही, नुसते हलत होते. सव्वीस वर्षं कधी चुकीच्या ठिकाणी न उतरलेला माणूस. मलाही आवरेना. दोन म्हातारी माणसं रस्त्याच्या कडेला पोट धरून उभी, जाणारे येणारे बघत होते.

शेअर रिक्षा थांबली. "आजी, चाकण? भाऊ, सरका जरा." आम्हाला चेपून बसवल्यावर रिक्षावाल्याने विचारलं, "दवाखान्यात का?"

"न्हाई. कांद्याचा वास घ्यायला."

त्याने आरशातून बघितलं. "घ्या की. तेवढंच फुकट राहिलंय."

बाजारात कांद्याचे ढीग होते. एका ढिगाजवळ हे उभे राहिले, एक कांदा मुठीने फोडला आणि नाकाला लावला. डोळ्यांतून पाणी आलं. हमाल म्हणाला, "आजोबा, घ्यायचाय का नुसता हुंगायचाय?" मी यांना बाजूला घेतलं.

मग मटकी भेळ (मोड आलेल्या मटकीच्या रश्श्यात फरसाण) मागवली. यांना दोन चमचे रस्सा गेला, तिसऱ्याला ठसका. यांची प्लेटही मीच संपवली. टाकायची कशाला?

मी खात असताना हे म्हणाले, "तू कामावरनं आलीस की जळक्या रबराचा वास यायचा. झोपेत कळायचं, आली."

"आंघोळ करत होते मी."

"तरी यायचा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी घरी आल्याचं यांना कळतं हे मला माहीत नव्हतं. मी हात धुवून आले. परतीच्या बसमध्ये हे माझ्या खांद्यावर झोपले. लेडीज सीटवरून कुणी उठवलं नाही.

बुधवारी ऑपरेशन झालं. आता मानेला भोक आहे, त्यावर फडकं असतं. आवाज गेला, वास गेला. घशात जे निघालं होतं ते सगळं काढलं गेलं की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

गेल्या आठवड्यात हट्टाने त्याच रस्त्याने नेलं यांना. डोळे मिटून मीच सांगत गेले, ही भोसरी, हा कचरा, हा पूल. हे खिडकीतून बघत होते, चुकलं की माझ्या गुडघ्यावर दोनदा टिचकी मारायचे. पुढे मी म्हटलं, "कांदा आला, चाकण." टिचकी बसली नाही. डोळे उघडले तर कुरुळी. पुढे टेम्पो बिंपो काही नव्हता, कांदाही नव्हता, मी आपलं ठोकून दिलं होतं. हे पाटीकडे बघत होते आणि यांचे खांदे हलत होते.

आम्ही उतरलो.