पौर्णिमेसाठी बदललेली गोळी

एका पांढऱ्या गोळीच्या जागी दुसरी पांढरी गोळी देणं काही अवघड नाही. दोन्ही सारख्याच गोल. मी कॅल्शियमची गोळी पाकिटातून काढली, बुढ्याच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला. त्याने गिळली.

बुढा म्हणजे माझा नवरा. लोकांशी बोलताना मी त्याला बुढाच म्हणायची, तोंडावर ‘अजी’. त्याने कामठीत जन्मभर पॉवरलूम चालवला. म्हातारपणी कॅन्सर पाठीच्या हाडात उतरला, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मॉर्फीनच्या गोळ्या दिल्या. कितीतरी महिन्यांनी तो पाठ टेकून झोपला. पोट तेवढं साफ व्हायचं नाही, त्याला वेगळं चूर्ण होतं. पुढे तीच गोळी पुरेना, तेव्हा बाईंनी तिची ताकद वाढवली आणि मला बजावलं, “आजी, या एकदम बंद करायच्या नाहीत.” मी मान हलवली. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

वैशाखी पौर्णिमा जवळ आली होती. विहार झाडताना शेजारीण म्हणाली, “अफूच्या गोळ्या हायेत त्या. मालूम नाही काय वं तुले?”

ते मला लागलं. बुढा तरुणपणी दारू प्यायचा. विहारात पंचशील घेतलं त्या दिवसापासून त्याने थेंबाला हात लावला नाही. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. लूमवर काम करणारे सगळेच मोठ्याने बोलतात, पण पौर्णिमेच्या वंदनेत त्या ओळीला याचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. आता हाच माणूस पोटात अफू घेऊन ती ओळ म्हणणार? त्याला स्वतःला असं काही वाटलं नव्हतं. ते माझ्याच डोक्यात आलं. उपोसथाला आपण एक वेळचं जेवण सोडतो, तशी चार दिवस गोळी सोडायची, पौर्णिमा झाली की परत द्यायची. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. पाचवं शील राखायला मी चौथं मोडलं, खोटं न बोलण्याचं. तेव्हा ते ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याला जांभयांवर जांभया. नाक, डोळे गळायला लागले. बाहेर ऊन असं की कूलरची खस भिजवावी तर लगेच वाळायची, आणि याच्या अंगावर काटा.

“गोधडी दे वं. थंडी वाजून राहिली.”

मग पोट सुटलं. ज्या पोटाची चूर्ण देऊन वाट पाहावी लागे, ते नळासारखं वाहू लागलं. दुखणं परतलं ते पहिल्यापेक्षा वाईट. चादर लागली तरी कण्हायचा.

“गोळी लागू नाही होऊन राहिली,” तो म्हणाला.

“आताच तं घेतली ना अजी! पौर्णिमा होऊ द्या, मंग पाहू.”

पौर्णिमेच्या सकाळी त्याला इस्त्रीचे पांढरे कपडे घातले. उंबऱ्यापर्यंतही पोचला नाही, तिथेच कपडे भरले. मी ओरडले, “एवढा वेळ धरवत नाही काय तुमच्यानं?” हे मी त्याला म्हटलं आहे.

दुपारी सक्करदऱ्याहून मुलगी आली. तिने मॉर्फीनचं भरलेलं पाकीट पाहिलं, मग कॅल्शियमचं रिकामं. “काहून केलं वं आई असं?” तिने विचारलं आणि मी सांगितलं. तो खाटेवर सगळं ऐकत होता.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “आजी, हे व्यसन नव्हतं. गोळी रोज आतड्यांना, नसांना गप्प बसवत होती. शरीर आतून त्यांना हुकूम धाडतच असतं, पण ते नीट पोचत नव्हते. मग आतडी कान टवकारून बसतात, हलका हुकूमही टिपायला लागतात. गोळी एकदम काढली की तोच रोजचा हुकूम त्यांना आरोळीसारखा लागतो.”

हे मला लगेच कळलं. बुढा लूमवर कानात कापूस कोंबायचा. घरी येऊन काढला की चमचा पडला तरी दचकायचा. चमचा तोच, पडणंही तेच. इथे मी कापूस ओढून काढला होता, आणि वर दचकला म्हणून त्यालाच बोलले.

बाईंनी गोळ्या पुन्हा बेताने सुरू केल्या. पोट थांबलं, दुखणं उतरलं. मुलगी आमच्याकडे राहायला आली. पाणी तो माझ्या हातून घ्यायचा, गोळी तिच्या.

एकदा ती औषध आणायला नागपूरला गेली. येताना तिचा शेअर ऑटो रस्त्यात बंद पडला. गोळीची वेळ झाली. मी सवयीने गोळी पाकिटातून काढून तळहातावर नेली.

“सुटी काहून आणली?” तो म्हणाला.

मी पाकीट आणून दाखवलं. त्याने डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं. चष्मा लावूनही त्याला आता बारीक अक्षर वाचता येत नव्हतं.

“खरी हाय अजी. तुमची शप्पथ.”

“राहू दे. पोरगी येतेच हाय.”

दात आवळून तो भिंतीकडे वळला. मी खाटेशी बसून राहिले. ऑटोचा आवाज आला तेव्हा घामाने गोळी माझ्या तळहाताला चिकटली होती.