त्र्यंबकराव खेडीकर आणि दुपारचा माल

हा लेख मी रागावून लिहीत आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. श्री. त्र्यंबकराव खेडीकर यांच्या एकसष्टीनिमित्त गौरव समितीने जे माहितीपत्रक काढले, त्यात म्हटले आहे की दारूगोळा कारखान्याच्या हलक्या धातूच्या विभागात त्यांनी "परदेशी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली" मोलाचे काम केले. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची सगळी वर्षे गेली. तो परदेशी तज्ज्ञ मी समोर बसून पाहिलेला आहे. त्याच्या मार्गदर्शनाने चाललो असतो तर तो विभाग सहासष्ट सालच्या उन्हाळ्यातच बंद पडला असता. समितीच्या कार्यवाहांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "अहो बाई, पत्रक वाटून झालं. आणि परदेशी लिहिलं की जरा वजन येतं."

वजन! मी म्हटले, मग माझे नाव समितीतून काढा. ते म्हणाले, "त्यापेक्षा तुम्हीच लिहा ना गौरवग्रंथात." लिहिते.

खेडीकरसाहेबांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन नुकतीच प्रयोगशाळेत लागले होते. साऱ्या कारखान्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या बायका. पहिल्याच महिन्यात मी त्यांच्या विभागाचा एक लॉट नापास केला. साहेब तडक आले. उंच, सडपातळ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"हे कोणी नापास केलं?"

"मी."

"नमुने कसे निवडले?"

"मला जे वाईट वाटले ते."

साहेबांनी माझ्या टेबलावरचा एक नापास तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "बरोबर केलंत. चांगले नमुने निवडायला माझी माणसं आहेतच."

तेव्हापासून त्यांच्या विभागात एक रीत पडली. मालावर ज्याचा सगळ्यात कमी विश्वास, नमुने त्यानेच निवडायचे. पुष्कळदा ही पाळी माझ्यावर येई. माझा संशयी स्वभाव घरी कोणाला फारसा आवडलेला नाही. कारखान्यात त्याचे चीज झाले, ते या गृहस्थांमुळे.

पासष्टचे युद्ध पेटले आणि ज्या देशाकडून आपण एक विशिष्ट सुटा भाग तयार आणत होतो, त्याने पुरवठा थांबवला. त्या भागाचे नाव मी आजही लिहिणार नाही; तेवढी शिस्त आमच्या अंगी मुरली आहे. आदल्या वर्षापर्यंत मैत्रीच्या मेजवान्या आणि सैन्य सीमेवर उभे असताना माल बंद! बड्या राष्ट्रांची मैत्री ही अशी असते. त्यांचे आपसातले वैर, आणि आपण त्यांच्या पटावरची सोंगटी. खेडीकरसाहेबांनी तो भाग इथेच घडवण्याचे अंगावर घेतले. कच्चा धातू थोडा शिल्लक होता, सोबत आलेला सूचनांचा कागदही होता. हिवाळ्यात काम सुरू झाले आणि माल उत्तम निघू लागला. दिल्लीहून शाबासकी आली.

एप्रिल लागला आणि माल तडकू लागला.

वाचकांसाठी एवढे सांगते. हा धातू भट्टीत तापवून एकदम पाण्यात बुडवला की काही काळ मऊ राहतो. तेवढ्या अवधीत त्याला दाबयंत्राखाली घालून आकार द्यायचा असतो. पुढे तो नुसता ठेवला तरी आपोआप कठीण होत जातो, आणि कठीण झाल्यावर दाबला की तडा जातो. दाबयंत्रावरचे मिस्त्री देवाजी मेश्राम कपाळाला हात लावून सांगत, "साहेब, सकाळी लोणी अन् दुपारी पापड. माल तोच, हात तेच. काहून होऊन राहिलं, मले समजूनच नाही राहिलं जी."

नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या गोटातल्या एका देशाचा तज्ज्ञ येऊन थडकला. एकाने दार लावले की दुसरा आपला माल घेऊन उंबऱ्यावर उभा, हे त्या काळी ठरलेलेच होते. गृहस्थ एक दिवस हिंडले, थंड पेये प्याले आणि अहवाल देऊन गेले. दुपारच्या जेवणानंतर इथले कामगार सुस्तावतात, त्यांच्या हातांना अशा कामाचे वळण नाही, तेव्हा तयार माल आमच्याकडून घेणे इष्ट. हे त्यांचे मार्गदर्शन! समितीने त्याबद्दल आभार मानले आहेत.

परक्याने नावे ठेवली याचे मला तेव्हाही फारसे दुःख झाले नाही. त्याला माल विकायचा होता. संताप आला तो दिल्लीतल्या आपल्या अधिकाऱ्यांचा. त्यांनी तो अहवाल स्वच्छ टाइप करून, खाली "सहमत" असा शेरा मारून आमच्याकडे पाठवला. विभाग बंद का करू नये, याचे उत्तर द्या, असे फर्मान. विभाग बंद म्हणजे भट्ट्या विझणार, माणसे इतर शेडमध्ये पांगणार आणि पुढच्या लढाईत पुन्हा कोणापुढे तरी पदर पसरायचा. खेडीकरसाहेबांनी उत्तर लिहिलेच नाही. पावसाळ्याआधी एक चाचणी घेऊन पाहा, एवढेच त्यांनी कळवले. ती मान्य झाली.

मग ते दाबयंत्राशेजारी स्टूल टाकून बसले. सकाळच्या पाळीपासून दुपार उलटेपर्यंत, रोज. एके दिवशी आम्हा सर्वांना त्यांनी शेडमध्ये बोलावले. हातात तो परदेशी सूचनांचा कागद.

"इथं लिहिलंय, माल खोलीच्या तापमानाला ठेवावा आणि अमुक वेळात दाबावा. खोली कोणाची?"

त्यांनी वरच्या तापलेल्या पत्र्याकडे बोट दाखवले.

"त्यांची खोली की आपली? त्यांच्या खोलीत माणसं मे महिन्यात कोट घालून बसतात. आपल्या या पत्र्याखाली अंडं उकडेल. उष्णतेनं धातू लवकर कठीण होतो. त्यांना दोन तास मिळतात, आपल्याला त्यातले किती उरतात?"

आता आमचा शहाणपणा ऐका. शेडच्या एका टोकाला वाळ्याचा कूलर होता. हिवाळा सरल्यावर विभागातल्या कोणीतरी विचार केला की कूलरची हवा लागली तर ते खोलीचे तापमान राहणार नाही, सूचनेचा भंग होईल. म्हणून भर उन्हाळ्यात कूलर बंद करून वर पाटी लावली होती, "माल थंड करू नये." साहेबांनी ती पाटी उपटून काढली.

"नव्या सुनेसारखे वागलो आपण. सांगितलं तेवढं केलं."

मला राहवले नाही. मी म्हटले, "सुनेने केव्हाच वाळ्याचे पडदे ओले केले असते."

साहेब हसले. त्या महिन्यात ते पहिल्यांदाच हसले असावेत. मग म्हणाले, "कूलरनं भागायचं नाही. बर्फ आणा."

बर्फ शहरातल्या बर्डीच्या बाजारातून आला. भुशात लपेटलेल्या, गोणपाटात बांधलेल्या लाद्या सायकलरिक्षात घालून देवाजी आणि मी फाटकावर पोहोचलो. हवालदार उत्तरेकडचे. आत काय यावे याचे त्यांचे नियम कडक.

"बहनजी, कारखाने में बरफ? अंदर शादी है क्या?"

"हो जी हवालदारसाहेब," देवाजी म्हणाले, "तुमचंच लगन लावून राहिलो. बाशिंग मागून येऊन राहिलं. सोडा आता, नवरी वितळून राहिली."

हवालदार हसले, पण सोडले नाही. शेवटी साहेब स्वतः फाटकावर आले, नोंदवहीत "धातूवरील प्रक्रियेचे साहित्य" असे लिहून सही केली, तेव्हा रिक्षा आत गेली. लग्नात सरबतासाठी वापरतात तशा, आतून पत्रा ठोकलेल्या लाकडी पेट्यांत बर्फ भरला. पाण्यातून काढलेला माल थेट पेटीत, आणि पेटीतून एकेक तुकडा दाबयंत्राखाली. तरी पहिल्या दिवशी निम्मा माल तडकला. धातू बुडवण्याची शेडबाहेरची टाकीच उन्हात तापत होती, हे त्या संध्याकाळी लक्षात आले. दुसऱ्या दिवशी टाकीवर छप्पर घातले आणि टाकीतही बर्फ टाकला.

चाचणीला दिल्लीहून आले तेच "सहमत" लिहिणारे अधिकारी. पेट्या पाहून त्यांनी नाक मुरडले.

"मिस्टर खेडीकर, बर्फ हे काय तंत्रज्ञान झालं?"

"साहेब, थंड देशांना ते आभाळातून फुकट मिळतं. आम्हाला बर्डीवरून विकत आणावं लागतं. फरक तेवढाच."

अधिकाऱ्यांनी विचारले, नमुने कुठे आहेत? साहेब म्हणाले, "तयार नाहीत. या मालावर सगळ्यात कमी विश्वास तुमचा आहे, तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे तुम्हीच निवडायचे. आणि सकाळचे घेऊ नका. जेवण करून या."

त्या दुपारी शेडमध्ये उभे राहणे कठीण होते. अधिकाऱ्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी पेटीच्या तळातून, कोपऱ्यातून, मिळेल तिथून तुकडे उचलले. एक तडा गेला असता तरी सारे संपले असते. देवाजी जेवून आलेले होते, हे मी मुद्दाम नमूद करते. यंत्र खाली आले, वर गेले. तुकडा अखंड. दुसरा अखंड. ढीग वाढू लागला तसे अधिकारी पुटपुटले, "नशीब आहे तुमचं."

देवाजी कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "आणखी निवडा जी साहेब. नशीब कुठवर पुरते ते पाहून घेऊ."

पुरले. विभाग वाचला. एकाहत्तरच्या युद्धात त्या जुन्या मित्राने पुन्हा हात आखडता घेतला, तेव्हा कारखान्यात कोणी घाबरले नाही. त्या वेळी शाबासकीच्या तारा दिल्लीच्या त्याच कचेरीतून आल्या. साहेबांनी त्या फलकावर लावल्या नाहीत. देवाजींच्या हाती दिल्या आणि म्हणाले, "जेवणानंतर सुस्तावणाऱ्या माणसासाठी आहेत."

त्यांचा स्वभाव गोड होता असे मी लिहिणार नाही. ते फटकळ होते, आजही आहेत. चुकीचा आकडा पाहिला की समोर कोण उभे आहे ते पाहत नसत. पण माणसाचा मान राखणे त्यांना समजे. कारखान्याच्या आमच्या भागात बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हते. मी तीन वेळा अर्ज केला, तीन वेळा "विचाराधीन" असे उत्तर आले. साहेबांच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी आपल्या खोलीला लागून असलेल्या स्वच्छतागृहाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि स्वतः उन्हातून लांबच्या शेडपर्यंत चालत जाऊ लागले. एवढा मोठा साहेब रोज उन्हातून जातो याची वरच्यांना लाज वाटली, आणि पुढच्या अर्थसंकल्पात आमच्यासाठी बांधकाम झाले.

माझ्या वडिलांना रामदासपेठेतल्या दवाखान्यात ठेवले होते तेव्हा साहेब आणि सौ. सुमनताई रोज संध्याकाळी येत. साहेब वडिलांशी धातूंबद्दल बोलत. वडील संस्कृतचे शिक्षक. त्यांना त्यातले काही कळत नसे, पण आपल्याशी कोणी आजाराखेरीज बोलतो याचेच त्यांना समाधान होते.

आता पुन्हा परदेशांशी नवे करार होत आहेत. नव्या मुलांना मी बोलताना ऐकते, तंत्रज्ञान बाहेरूनच यायचे, आपण फक्त जोडायचे. त्यांचा दोष नाही. आपणच त्यांना अशी माहितीपत्रके वाचायला देतो. बाहेरून शिकू नये असे खेडीकरसाहेब कधीच म्हणाले नाहीत. कागद कुठूनही यावा, पण तो आपल्या उन्हात धरून वाचावा, एवढेच त्यांचे मागणे होते. कोणत्याही बड्या राष्ट्राच्या गोटात न जाता उभे राहायचे असेल, तर भाषणांनी भागत नाही. भट्टी पेटती ठेवावी लागते आणि तिच्यापाशी जाणता माणूस असावा लागतो.

साहेबांनी पुढची पुष्कळ वर्षे आमच्यात असावे. गुडघ्यांनी त्यांना त्रास देऊ नये, सुमनताईंची साथ राहावी, आणि खोटे दिसले की चढणारा त्यांचा आवाज तसाच खणखणीत राहावा. आपल्याकडे तो आवाज कमी पडतो आहे.

शेवटी एक नोंद. साहेब दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा नवा करार नुकताच झाला होता, आणि त्यांच्यामागे विभाग गुंडाळावा असे वर ठरत होते. कार्यभार देण्याचा मसुदा तयार होऊन आला, त्यात "विभाग बंद करण्याच्या स्थितीत" असे शब्द होते आणि घेणाऱ्याच्या नावापुढे रिकामी जागा होती. साहेबांनी त्यावर सही केली नाही. आदल्या दिवशीच त्यांनी पूर्ण पाळी कामाला लावली होती. मसुदा त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिला, कारखान्याच्या व्यवस्थापकांनी तो वाचला, आणि यंत्रांचा आवाज खोलीपर्यंत येत असल्याने विभाग बंद आहे असे त्यांना म्हणता आले नाही. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. सुपूर्द केले ते असे:

भट्ट्या दोन, दोन्ही पेटलेल्या. दाबयंत्रे आणि त्यांचे साचे, वापरात. अर्धा घडलेला माल, यंत्रावर. सकाळची पाळी, मिस्त्र्यांसह, आपापल्या जागी हजर. देणार, त्र्यंबक खेडीकर. घेणार, याच विभागात शिकाऊ म्हणून लागलेले आणि आता अभियंता झालेले अशोक रामटेके. विभागाची स्थिती, चालू.