कापलेली ओळ

"मी त्याला रोज सकाळी माफ करते, पाळकसाहेब, पण दुपारच्या जेवणापर्यंत ते पुरत नाही," वह्या-पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरबाई एकदा म्हणाल्या होत्या. चर्चचे पाळक हसले होते. बाई हसल्या नव्हत्या.

तो म्हणजे धाकटा भाऊ. सात वर्षं आईचं अंथरुणातलं सगळं बाईंनी केलं. भाऊ परगावी होता. तरी आई शेवटपर्यंत त्यालाच हाका मारायची आणि पाणी पाजणाऱ्या हाताला विचारायची, "तू कोण गं?"

मागच्या महिन्यात चर्चची बाप्तिस्म्याची जुनी वही बांधणीला आली. नवी शिवण झाली. पुठ्ठा चढवण्याआधी कडा कापायच्या, आणि कापण्याआधी पानं टेबलावर ठोकून एका रेषेत आणायची. हे त्यांचे हात झोपेतही करतील. त्या दिवशी एक पान खाली सरकून कापायच्या रेषेपलीकडे गेलं होतं. त्यावरची शेवटची ओळ भावाच्या मुलीची. मुलगी चार महिन्यांची असतानाच वारली होती. आणखी कुठे नाव लिहून घ्यायला तिला सवडच मिळाली नव्हती.

बाईंनी ओळ वाचली. पानं ठोकली नाहीत. पातं खाली आलं.

कातरण पोत्यात जातं. ती एक पट्टी मात्र त्यांनी वेचून बायबलमध्ये ठेवली. मग बायबल कुठूनही उघडलं तरी तिथंच उघडू लागलं. प्रार्थनेला डोळे मिटले की पात्याचा आवाज यायचा. प्रभुभोजनाची रांग निघाली की बाईंना नेमका खोकला लागायचा आणि त्या बाहेर जायच्या.

भाऊ आता याच गावात राहायला आला होता. रविवारी उपासनेनंतर त्याने त्यांना जेवायला नेलं.

"वहीचं कळलं मला, ताई. एवढं तोंड पाडून काय बसलीस? हात चुकतो माणसाचा."

"तीस वर्षांत चुकला नाही."

"मग कधीतरी चुकायचाच. आमच्या हिचा मिठाचा हात रोज चुकतो. मी रडत बसतो का?"

"सगळं ऐकू येतंय इकडे," भावजय आतून म्हणाली.

तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "जाऊ दे. मी तुला माफ केलंय, ताई. खरंच."

आणि बाईंच्या मनात ते जुनं वैर पुन्हा उठून बसलं. माफ करण्यातही हाच पुढे. म्हणजे अजून गेलंच नव्हतं. इतक्या प्रार्थना, इतके उपवास, आणि ते आत आपल्या जागेवर मजेत होतं. उद्या पुन्हा पानं सरकली, तर हा हात काय करील?

त्यांनी बायबल उघडलं. पट्टी काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

त्याने नाव वाचलं. नावावरून बोट फिरवलं. बोट थांबलं. चुकून कापलं असतं, तर हे कातरण न बघताच पोत्यात गेलं असतं, हे बाइंडरच्या भावाला वेगळं सांगावं लागलं नाही.

"ताई," तो म्हणाला, "तू कापण्याआधी बघितलं होतंस?"

आतून भावजयीने भाताचं पातेलं आणलं आणि दारातच थबकली. बाईंनी मान हलवली, हो म्हणून. बायबल मिटलं, उंबऱ्याशी चपला पायात सरकवल्या आणि पट्टी ताटाशेजारीच ठेवून त्या बाहेर पडल्या.