साधनाबाईंचा खलनायक

परतूरच्या मोंढ्यामागं राहणाऱ्या साधनाबाई ब्लाउज शिवायच्या, आणि गिऱ्हाईक कमी झालं की मोबाइलवर प्रेमाची अन् रहस्याची कथा लिहायच्या. ती एका ॲपवर भागाभागानं यायची. बारा भाग झाले होते. तेराव्यात खलनायकाला धमकीची चिठ्ठी मिळणार, तेवढ्यात जान्हवी नावाच्या वाचक मुलीनं खाली लिहिलं, "ताई, कथा झकास. पण माणसं खरी वाटत नाहीत. घाबरलं की सगळ्यांना दरदरून घामच फुटतो."

साधनाबाईंनी सगळे भाग चाळले. घाम सतरा वेळा फुटला होता. एकदा तर ऐन थंडीत, तोही फौजदाराला.

खरा घाबरलेला माणूस बघितल्याशिवाय पुढं लिहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. हाताशी माणूस एकच होता, नवरा. बद्रीनाथ मोंढ्यात मापाडी होते. धान्याची पोती तोलायची, घरी यायचं, मोजकं बोलायचं. या माणसाजवळ लपवण्यासारखं काय असणार? म्हणजे प्रयोग बिनधोक. बाईंनी डाव्या हातानं चिठ्ठी लिहिली, 'मला सगळं कळलंय. गपचूप कबूल कर', आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सरकवली.

दुपारी बद्रीनाथ जेवायला आले. बाई वही घेऊन शिलाई मशीनमागं बसल्या. घामाचा पत्ता नव्हता. बद्रीनाथांनी जेवून ताट घासलं. मग तवा घासला. मग लख्ख असलेला कुकर घासला.

"साधना," ते कुकरकडं बघत म्हणाले, "ती लोणच्याची बरणी मांजरानं न्हाई फोडली. मी फोडली."

बाईंनी लिहून घेतलं.

"काय लिहून राह्यली?"

"शीतलच्या ब्लाउजचं माप. बोला तुम्ही."

मापावर विश्वास ठेवायच्या मनःस्थितीत बद्रीनाथ नव्हते. "डॉक्टरनं गोड बंद केलं तवापासून स्टँडवर रोज जिलबी खातो. अन् तुझ्या भावानं दिलेलं घड्याळ हरवलं न्हाई. मोंढ्यातल्या हरिओमला देऊन टाकलं. त्याचा पट्टा गुलाबी होता."

बाईंना राग आला, पण हात थांबेना. "आणखी?"

बद्रीनाथांचे कान लाल झाले. "आपल्या लग्नाचं."

आता मात्र हात थांबला. बारा भागांत त्यांनी कितीतरी बायकांची छाती धडधडवली होती. स्वतःची धडधडायला लागली तेव्हा काय लिहावं ते सुचेना.

"तुला बघायला आल्तो ना, त्याच्या आधी तीनदा घनसावंगीला येऊन गेल्तो. जीपनं. तुमच्या घरासमोर बियाण्याचं दुकान होतं. तू ओसरीवर शिवत बसायची. दुकानदार इचारायचा काय पाहिजे, मंग मी कपाशीचं बियाणं घ्यायचो. तीन पिशव्या झाल्या."

"आपल्याला शेत कुठंय?"

"तेच तर. तिसऱ्या बारीला तो म्हणला, पेरणी कुठवर आली? मी म्हणलं, बराबर चालू हाय."

"अन् स्थळ तुमच्या मामांनी आणलं म्हणून सांगितलं ते?"

"मामाला मीच पाठवलं. सांगायची लाज वाटली."

साधनाबाईंनी वही मिटली. म्हणाल्या, "चिठ्ठी मी लिहिली. कथेसाठी."

"म्हणजे तुला काईच ठाऊक नव्हतं?"

"बिलकुल न्हाई."

"जिलबीसुद्धा?"

"जिलबीसुद्धा."

बद्रीनाथ दोन दिवस बोलले नाहीत. तेवढ्या वेळात बाईंनी तेरावा भाग लिहून टाकला. त्यात खलनायक भांडी घासायला बसला, बियाण्याच्या पिशव्यांपर्यंत आला, आणि त्याला खलनायक म्हणून ठेवणं काही बाईंना जमेना. तो नायकच झाला.

तिसऱ्या दिवशी बद्रीनाथ मशीनजवळ येऊन बसले. "पुढं काय होतं त्याचं?"

"मरतो. विहिरीत ढकलतात."

"मारू नको."

"कथेला गरज हाय."

"गरज-बिरज काई न्हाई. एवढं बियाणं घेतलं त्यानं."

वाद संध्याकाळपर्यंत चालला. ब्लाउज न्यायला आलेली शीतलही स्टुलावर बसून राहिली आणि तिनं बद्रीनाथांची बाजू घेतली. शेवटी असं ठरलं की नायकाला ढकलायचं, पण विहिरीत गुडघाभरच पाणी ठेवायचं आणि एक पाय मोडायचा. बद्रीनाथ कबूल झाले. फक्त डावा मोडा, म्हणाले.