सात गावांची फेरी

कॉलेजात सेमिनार म्हटलं की बॅनर, शाल-श्रीफळ आणि दीपप्रज्वलन आलंच. जालन्यातल्या आमच्या गणित विभागाच्या शनिवारच्या सेमिनारला यातलं काही नसायचं. वरच्या मजल्यावरची एक खोली, भिंतभर फळा, आठ-दहा माणसं आणि मधे चहा. विभागाला विद्यापीठाची संशोधनासाठी मान्यता होती, म्हणून अंबडच्या ज्युनिअर कॉलेजातलं शिकवणं सांभाळून मी तिथं पीएच.डी.ला नाव घातलं होतं. एसटीतून उतरून, जुन्या जालन्यातल्या धान्याच्या पोत्यांतून वाट काढत मी धापा टाकत पोचायचे आणि मागच्या बाकावर अंग चोरून बसायचे.

पहिले काही महिने मला काडीचं कळलं नाही. तरी मी शनिवार चुकवत नव्हते. मोठी माणसं दोन-दोन तास एका ओळीवर भांडतात, त्यातून कुणाच्या पदरात काही पडायचं नसतं, आणि तरी घरी जाताना त्यांचे चेहरे लग्नाचं जेवून आल्यासारखे असतात, हे मी आधी कुठंच पाहिलं नव्हतं. मला त्या खोलीचं अप्रूप वाटायचं, आणि थोडी भीतीही.

तिथला एक दंडक होता. बोलणाऱ्यानं प्रमेय मांडलं की सर्वांत नव्या विद्यार्थ्यानं उठून एक लहान उदाहरण मागायचं. आकडा मागणाऱ्याच्या मनाचा. बोलणाऱ्यानं ते कागद न बघता, खडूनं, तिथल्या तिथं करून दाखवायचं. हा दंडक आमच्या सरांनी घातलेला. ते विभागातले सर्वांत ज्येष्ठ आणि माझे मार्गदर्शक. त्या वर्षी सर्वांत नवी मी होते, त्यामुळे उठणं माझ्या वाट्याला आलं होतं.

तो शनिवार खुद्द सरांचा होता. ते लवकरच निवृत्त होणार होते. जन्मभर दुसऱ्यांची प्रमेयं शिकवली, स्वतःचं म्हणावं असं एकच हाती लागलं होतं, आणि त्यापायी त्यांनी वर्षं घातली होती. लेख तयार होता. सोमवारी तो छापायला पाठवायचा होता. विभागप्रमुखांनी हौसेनं पेढ्यांचं खोकंसुद्धा आणून ठेवलं होतं.

प्रमेय सांगायला सोपं होतं. काही गावं आहेत, त्यांच्यामधे रस्ते आहेत. रस्ते सरांनी घातलेल्या अटी पाळत असतील, तर एका गावातून निघून, बाकीच्या प्रत्येक गावाला एकदाच जाऊन, परत घरी येता येतंच. सिद्ध करायची रीत अशी, की दोन गावं कमी करायची, उरलेल्यांना तेच लावायचं, आणि असं उतरत उतरत चार गावांवर यायचं. गावं सम संख्येत असली तर हे होतं, पण तेवढं जगात आधीच कुणी कुणी करून ठेवलेलं. सरांचं म्हणणं सगळ्या संख्यांना लागू होतं, त्यातच त्याचं नवेपण होतं. आणि विषम संख्येबद्दल लेखात एकच ओळ होती. ‘इथेही तसेच.’ आम्हा गणितवाल्यांचा हा फार लाडका शब्द आहे. तो लिहिला की पुढचं कुणी लिहीत नाही.

मी उठले. माझ्याआधीचे सगळे चार नाहीतर सहा मागायचे, चित्र नीटनेटकं येतं म्हणून. माझ्या तोंडून सात निघून गेलं.

“घ्या सात,” सर म्हणाले. त्यांनी सात ठिपके काढले, रेषा ओढल्या, अटी तपासून दाखवल्या, आणि फेरी निघाली. “कळलं, सर,” म्हणून मी बसले. विभागप्रमुख खोक्याची दोरी सोडायला लागले.

सर मात्र फळ्यापुढून हलले नाहीत.

“थांबा,” ते म्हणाले. “ही गावं मी सोयीची घेतली. मला जिकडं जायचं तिकडंच रस्ता ठेवला. असं न्हाई चालत.”

त्यांनी सगळं पुसलं आणि पुन्हा सात ठिपके मांडले. या वेळी मधून एक वाकडी रेघ ओढली. “समजा ही दुधना. अलीकडं तीन गावं, पलीकडं चार. अलीकडच्या प्रत्येक गावातून पलीकडच्या प्रत्येक गावाला रस्ता. एका काठावरच्या गावांमधे रस्ता न्हाई. माझ्या अटी बसून राह्यल्या का?”

आम्ही तपासल्या. बसत होत्या.

“मंग फिरा आता.”

प्रत्येक रस्ता नदी ओलांडणारा. म्हणजे एकदा अलीकडचं गाव, एकदा पलीकडचं, पुन्हा अलीकडचं. घरी परत यायचं तर दोन्ही काठांची गावं सारखीच भरायला हवीत, आणि इथं तीन आणि चार. फेरी नव्हती. नुसती सापडत नव्हती असं नाही, ती असूच शकत नव्हती. शेंबड्या पोरालाही पटावं इतकं ते उघड होतं. माझ्या अंगावर काटा आला. सरांचं प्रमेय पडलं, हे त्यानंतर लक्षात आलं.

मग विभागप्रमुख हळूच म्हणाले, “सर, जाऊ द्या ना लेख. एवढी मेहनत घेतली तुम्ही. तिकडं तपासणारा काय सात गावं मांडून बसणारे? कोण बघून राह्यलंय?”

त्यांचा सरांवर जीव होता, म्हणून ते असं बोलले. आणि ते खोटंही नव्हतं. त्या खोलीत सरांना पकडू शकेल असा माणूस नव्हता.

“मी बघितलं ना आता,” सर म्हणाले.

ते खुर्चीत बसले. चेहरा उतरला होता, ते मी झाकणार नाही. पण नजर फळ्यावरच होती, आणि जरा वेळानं ते म्हणाले, “काय बिलकुल साफ दिसून राह्यलंय, बघा.” आम्ही बघितलं. मला रडू येत होतं, आणि ते नुसतं वाईट वाटण्याचं नव्हतं. असं काही आपल्या डोळ्यांदेखत घडावं, एवढी आपली लायकी आहे का, असं मनात येत होतं.

सोमवारी लेख गेला नाही. सर निवृत्त झाले, त्यांच्या नावावर प्रमेय नाही. अंबडला अकरावीच्या वर्गात मी दरवर्षी ती नदी काढते आणि मुलांना फिरायला लावते. ती हट्टानं वह्या भरतात, एकमेकांच्या चुका काढतात, आणि फेरी का निघत नाही ते शेवटी त्यांचं त्यांनाच उमगतं. मग कुणीतरी विचारतं, “मॅडम, हे तुम्हाला कुणी दाखवलं?”

“माझ्या सरांनी,” मी सांगते. “स्वतःच्या प्रमेयाविरुद्ध.”